उन्हाने विटलेला गाडीचा रंग घरच्या घरी परत आणता येतो का?

तांबडा_पत्रा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. बाबांची गाडी आहे, लाल हॅचबॅक, १६ वर्षं झाली तिला. डोळ्यांच्या त्रासामुळे बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि गेली ४ वर्षं ती उघड्यावरच उभी होती, ऊन पाऊस सगळं झेलत. इंजिन, ब्रेक, टायर सगळं करून घेतलंय, चालते एकदम मस्त. पण रंग बघवत नाही हो. टप आणि बॉनेट तर लालचे गुलाबीकडे झुकलेत, हात फिरवला की बोटांना पावडर लागते. दारं त्यामानाने बरी पण चमक अशी नाहीच, आणि उन्हात उभं राहून बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात.

सगळे म्हणतात नवीन रंग मारून घे. पण मला हाच रंग, बाबांनी निवडलेला, जेवढा परत येईल तेवढा आणायचाय आणि तोही स्वतःच्या हाताने. दोन महिन्यांनी त्यांचा वाढदिवस आहे. कंपाउंड, पॉलिश, रबिंग, वॅक्स, कोटिंग हे सगळं एकच का वेगवेगळं इथपासून मला काही माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

रस्ताभर

सोपा उपाय सांगतो, गाडी धुवा आणि फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन पुसून काढा. माझे काका कायम असंच करायचे, दुसऱ्या दिवशी गाडी नवीन दिसायची.

जुनाखिळा

रॉकेल आधी बाजूला ठेवा. त्याने चमक येते हे खरंय, पण ती तेलाची चमक. ओला दगड कोरड्या दगडापेक्षा गडद दिसतो ना, तसंच. खडबडीत झालेल्या रंगाच्या खाचा तेलाने भरतात, उजेड सरळ परत फिरतो आणि आपल्याला वाटतं रंग सुधारला. दोन-चार दिवसांत तेल उडतं, तोवर त्याच्यावर धूळ चिकटून बसलेली असते आणि पुढच्या वेळी फडकं फिरवलं की तीच धूळ ओरखडे पाडते. रबराच्या बिडिंगलाही ते चांगलं नाही. काकांबद्दल आदर आहेच, त्या काळी हातात दुसरं काही नसायचं.

तांबडा_पत्रा, मी बरीच वर्षं पेंट बूथमध्ये काढलीत म्हणून लांबड लावतोय. आधी गाडीच्या अंगावर काय आहे ते समजून घ्या, मग डबे उघडा. आजकालच्या गाडीच्या पत्र्यावर खालून वर असे थर असतात: गंज लागू नये म्हणून पहिला कोट, त्यावर प्रायमर, मग खरा रंग ज्याला आपण बेस कोट म्हणतो आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे तुम्ही जे घासायला निघालात ते केसापेक्षा बारीक आहे. कंपाउंड (म्हणजे जाड पुडीचं, जास्त घासणारं) असो की पॉलिश (बारीक पुडीचं), प्रत्येक वेळी तुम्ही त्यातला थोडा भाग कायमचा काढून टाकता. तो परत भरून येत नाही.

जुन्या पद्धतीच्या रंगात क्लिअर कोट नसायचाच, रंग आणि चमक एकाच थरात. त्याला सिंगल स्टेज म्हणतात. १९८० च्या दशकात क्लिअर कोटवाल्या गाड्या सर्रास झाल्या, पण साध्या पांढऱ्या आणि लाल रंगात सिंगल स्टेज त्यानंतरही बराच काळ दिसायचा.

आता एक काम करा. पांढरं स्वच्छ सुती फडकं घ्या, त्यावर थेंबभर कुठलंही बारीक पॉलिश, आणि प्रत्येक पत्र्यावर एका कोपऱ्यात हलक्या हाताने घासा. बॉनेट, टप, चारही दारं, डिकी, बंपर, सगळीकडे फडक्याची वेगळी जागा वापरा. फडक्याला लाल रंग लागला तर तिथे सिंगल स्टेज, नाही लागला तर क्लिअर कोट. आणि टपावर पांढरट चट्टे, कडा उचललेले पापुद्रे असं काही आहे का तेही बघा. हे कळल्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही.

सावलीतली_गाडी

टूथपेस्ट पण चालते ना? व्हिडिओ बघितला होता.

जुनाखिळा

टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते म्हणून एखादा उथळ ओरखडा फिका होतो. पण ती दातांसाठी बनवलीय, पूड किती जाड आहे, घासल्यावर बारीक होते की नाही, रंगावर काय खुणा ठेवेल हे काहीच आपल्या हातात नाही. अख्खा पत्रा तिने करायला जाऊ नका.

तांबडा_पत्रा

जुनाखिळा, केली टेस्ट आणि मला धक्काच बसला. दारं, डिकी, दोन्ही फेंडर, कुठेच फडक्याला रंग नाही. टपालाही नाही. पण बॉनेटवर फडकं लालभडक! दोनदा करून बघितलं. एकाच गाडीत दोन प्रकारचे रंग असू शकतात?

आणि टपावर मागच्या बाजूला दोन चट्टे आहेत, तळहाताएवढे, पांढरट, कडेला नखाने उचललं तर पारदर्शक पापुद्रा निघतो. मला वाटत होतं ते पक्ष्यांच्या घाणीचे डाग आहेत.

जुनाखिळा

शाब्बास. बघा पाच मिनिटांच्या टेस्टने केवढी माहिती दिली.

बॉनेट कधीतरी परत रंगवलंय. बहुतेक पुढून काहीतरी लागलं असेल आणि रंगवणाऱ्याने लाल सिंगल स्टेज मारला, वर क्लिअर दिलाच नाही. साध्या रंगात असं चालून जातं, नवीन असताना कोणाला कळतही नाही. तुमच्या बोटाला लागणारी लाल पावडर म्हणजे त्या रंगाचाच वरचा मेलेला थर आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातलं रेझिन, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणारा जो चिकट भाग असतो तो, तुटत जातो. धरणारा गेला की रंगद्रव्याचे कण मोकळे होतात, तेच बोटाला येतात. त्यात लाल रंग उन्हाला लवकर बळी पडतो, अनेक लाल रंगद्रव्यं मुळातच प्रकाशाला कमी टिकाऊ. खालचा थर अजून धड असेल. हे बॉनेट सुधारेल, आणि ज्या पद्धतीने सुधारेल ती दारांपेक्षा अगदी वेगळी आहे, त्यावर नंतर सविस्तर लिहितो.

टपाचे ते दोन चट्टे मात्र पॉलिशने जाणार नाहीत. तिथे क्लिअर कोट खालच्या रंगापासून सुटलाय. सुटलेला थर घासून चिकटत नाही, उलट मशीन लावलं तर कड आणखी उचलली जाईल आणि तळहाताएवढा चट्टा थाळीएवढा होईल. त्याच्यापासून चार बोटं लांब राहा. बाकीचा टप नीट झाला तरी हे दोन डाग राहणार, मनाची तयारी आत्ताच करा.

तांबडा_पत्रा

वाईट वाटलं पण ठीक आहे. निदान कळलं तरी. पुढे?

निळी_बादली

आधी धुणं! ते सोडून सगळे थेट मशीनवर येतात. गेल्या वर्षी मी माझी स्वतःची गाडी केली आणि माझा निम्मा वेळ याच्यात गेला, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शॅम्पू, एकीत साधं पाणी. मिट, म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा, शॅम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून माती काढायची आणि मगच परत शॅम्पूत. वरून खाली या, टप पहिला, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी कारण खरी वाळू तिथे असते. तुमच्या गाडीवर जे कोळ्याचं जाळं दिसतंय ना ते बहुतेक असंच पडलंय, एकाच मळक्या फडक्याने वर्षानुवर्षं कोरडं पुसून. कपड्याची पावडर नको, ती बरीच अल्कलाइन असते. भांड्याचा साबण रोज नको पण या एका वेळी जुनं वॅक्स, तेल काढायला चालेल कारण आपण पुढे सगळं घासणारच आहोत.

मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा. धुतलेल्या ओल्या पत्र्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून हलकेच फिरवा, पिशवीमुळे बारीक खरखर बोटांना एकदम स्पष्ट जाणवते. ती खरखर म्हणजे रंगात रुतलेले कण, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड, झाडाचा चीक, डांबर. शॅम्पूने हे निघत नाही. आयर्न रिमूव्हर मारलं की लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात, बघायला फार मजा येते, पण हातमोजे घाला आणि पत्र्यावर वाळू देऊ नका. डांबराला टार रिमूव्हर, चिकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल. उरलेलं क्लेने. क्लेच्या आधी भरपूर लुब्रिकंट, म्हणजे शॅम्पूचं पाणी किंवा क्विक डिटेलर, आणि दाब अजिबात नको, क्ले नुसता घसरला पाहिजे. खरखर संपली की हात आपोआप सुळकन पुढे जातो. क्ले घडी घालून सतत नवी बाजू वर आणत राहा, आणि खाली पडला तर तो टाकून द्या, कितीही जीव तुटला तरी, कारण जमिनीवरचा एक खडा त्यात गेला की तुम्ही पत्रा खरवडणार.

पाण्याचे पांढरे गोल डाग असतील तर तो खनिजांचा थर असतो, कॅल्शियम मॅग्नेशियम वगैरे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून ओलं फडकं एखादा मिनिट ठेवायचं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. त्यानेही नाही गेले तर ते रंगात खोल उतरलेत, मग पॉलिशच.

तांबडा_पत्रा

ताई, हे मी प्रिंट काढून भिंतीवर लावतोय.

घाटवळण

वाचनखूण साठवली. माझाही अनुभव लिहितो म्हणजे कोणीतरी वाचेल. मशीन नव्हतं म्हणून मी साध्या ग्राइंडरला फोमचा पॅड लावला. लहान ग्राइंडर मिनिटाला १०,००० च्या वर फेरे मारतो, पॉलिशिंगच्या गोल मशीनला ६०० ते ३,००० लागतात, हे मला नंतर कळलं. बॉनेटवर बरं चाललं होतं, मग दाराच्या उभ्या कडेवर आलो आणि दोन सेकंदांत रंग जाऊन राखाडी प्रायमर दिसायला लागला. बोटभर लांब पट्टा. तो आवाज आणि तो वास अजून आठवतो. आठवडाभर मी त्या गाडीकडे बघू शकलो नाही. ज्याला कोणाला ग्राइंडर वापरायचा मोह होतोय त्याने कृपा करून थांबा.

जुनाखिळा

घाटवळण, लिहिलंत ते फार बरं केलंत. कडांवर आणि पत्र्याच्या दुमडीवर रंग मुळातच पातळ बसतो, ओला असताना तिथून ओघळून जातो म्हणून, आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो. म्हणून कडा, दुमडी, बिडिंग, प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या सगळ्यांवर मास्किंग टेप लावायची. टेपचा दुसरा फायदा म्हणजे काळ्या प्लास्टिकवर पॉलिश लागून पांढरं होत नाही, ते वाळलं की काढताना जीव जातो.

मशीन दोन प्रकारची. रोटरी म्हणजे नुसती गोल फिरणारी, ताकदवान पण एका जागी उष्णता साठवते. दुसरी ड्युअल अ‍ॅक्शन, डीए म्हणतात, पॅड गोल फिरतो आणि शिवाय केंद्राभोवती हेलकावतो, जास्त दाबलं तर फिरायचाच थांबतो. नवशिक्याने डीएच घ्यावी किंवा भाड्याने आणावी. हाताने सुद्धा होतं, पण क्लिअर कोटवरचे गोल ओरखडे हाताने काढायचे तर खांदे जातील, आणि हाताचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. बॉनेट मात्र तुम्ही हातानेच कराल, ते बघू.

आता दारांची पद्धत. सावली, गार पत्रा. ऊन लागलेल्या पत्र्यावर पॉलिश फिरवायच्या आधीच वाळतं. पहिल्यांदा एकच दार घ्या आणि त्यातला दीड-दोन फुटी चौकोन टेपने आखून घ्या, ही चाचणीची जागा. सगळ्यात सौम्य जोडी आधी: मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीन बंद असतानाच पत्र्यावर टेकवून पसरवा, मग चालू करा नाहीतर भिंतीपर्यंत उडेल. वेग ४ किंवा ५ वर. हात फार हळू चालवायचा, सेकंदाला साधारण एक इंच, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, एकदा आडवं एकदा उभं, असे चार ते सहा फेरे. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा, ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली म्हणजे दाब जास्त झाला किंवा पॅड वाकडा धरलाय.

मग पुसा आणि टॉर्च मारून बघा. झालं असेल तर अख्खी गाडी याच जोडीने. नसेल तर एकच पायरी वर, त्याच पॉलिशला जरा कडक पॅड. तरीही नाही तर कंपाउंड. कंपाउंड वापरलं की त्याच्या स्वतःच्या बारीक खुणा राहतात, धुरकट दिसतं, त्या काढायला परत बारीक पॉलिश लागतंच. बहुतेक लोक उलटं करतात, सगळ्यात जाड कंपाउंडपासून सुरुवात. अहो, जे काम एक मायक्रॉन काढून होतंय त्यासाठी पाच कशाला घालवायचे? क्लिअर कोटचे एकूण ८ मायक्रॉन गेले की थांबायचं हा आमचा ठोकताळा होता, कारण वरचा भाग जितका काढाल तितकं उन्हापासूनचं संरक्षण कमी होतं आणि चार-सहा वर्षांनी टपासारखेच पापुद्रे.

पॅड प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने साफ करा. निघालेला रंग त्यात साठतो आणि मग तो पॅड घासण्याऐवजी लिंपायला लागतो. किमान तीन पॅड हवेत. मास्क आणि चष्मा लावा.

सावलीतली_गाडी

ओरखडा किती खोल आहे हे कसं कळतं?

निळी_बादली

नख आडवं फिरवायचं. नख अडकलं तर तो पॉलिशच्या पलीकडचा, त्याच्या मागे लागायचं नाही, कडा फक्त थोड्या मऊ करायच्या म्हणजे उजेडात टोचत नाही.

तांबडा_पत्रा

मंडळी, चालकाचं दार झालं! मऊ पॅडने फारसं हललं नाही, मग मधल्या पॅडवर तेच बारीक पॉलिश, आणि जाळं नव्वद टक्के गायब. टेपच्या एका बाजूला मेलेला लाल आणि दुसऱ्या बाजूला असा लाल की त्यात समोरचं झाड दिसतंय. मी तिथेच जमिनीवर बसून बघत राहिलो.

पण एक गोष्ट खटकली. त्याच दाराचा खालचा भाग मी घरात पडलेल्या जुन्या बाटलीने केला होता, तिच्यावर वॅक्स पॉलिश असं लिहिलंय. तोही त्या दिवशी सुंदर दिसत होता, दोनदा धुतल्यावर ओरखडे परत आले. मी काही चुकवलं का?

जुनाखिळा

तुम्ही नाही चुकवलं, त्या बाटलीत फिलर होते. खाचा भरून झाकणारा माल. ते वाईट असतात असं नाही, पण काम खरंच झालंय की झाकलंय हे कळायला हवं. प्रत्येक चौकोनानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून, अल्कोहोल पाव भागाइतकं पुरे, मायक्रोफायबरने पुसा. तेल, फिलर सगळं निघून जातं आणि पत्र्याची खरी अवस्था दिसते. मनाला लागतं कधीकधी, पण खरी असते.

घाटवळण

प्रश्न, माझी पांढरी गाडी आहे आणि तिच्यावरही खडूसारखी पावडर येते. पांढरा तर लालसारखा विटत नाही ना?

जुनाखिळा

पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते स्वतः विटत नाही, पण ऊन आणि ओलावा मिळाला की आजूबाजूच्या रेझिनला तोडायला मदत करतं. म्हणून रंग पांढराच राहतो आणि वरून खडू झडतो. सिंगल स्टेज असणार तुमचा. पुढे बॉनेटसाठी जे लिहितोय तेच तुम्हालाही लागू. मॅट फिनिशवाल्यांनी मात्र यातलं काहीच करू नये, मॅटला चमक आली की ती परत मॅट होत नाही.

तांबडा_पत्रा, आता बॉनेट. हा रंग कोरडा झालाय आणि त्याचा वरचा थर सैल आहे. त्याच्यावर थेट मशीन आणि कंपाउंड लावलंत तर चकाचक होईल, पण पॅडवर जो लाल माल जमेल तो सगळा तुमच्या बॉनेटचा रंग असेल, आणि परत रंगवलेल्या पत्र्यावर नेमका किती थर आहे आपल्याला माहीत नाही. जाडी मोजायचं मीटर मिळालं तर मोजा. त्याने अनेकदा मूळ पत्र्यापेक्षा जास्त आकडा दाखवला तरी हुरळून जाऊ नका, त्यात खालची पुट्टी आणि जुना रंगही धरलेला असतो, वरच्या लालची जाडी त्यातून कळत नाही.

म्हणून आधी तेल पाजायचं. तेलकट ग्लेझ मिळतं, सिंगल स्टेजसाठी चालणारं, ज्यात घासणारी पूड जवळजवळ नसते. जाड सुती टॉवेलच्या तुकड्याने ते भरपूर लावा आणि चांगलं चोळा. टॉवेल लाल होईल, होऊ द्या, ती मेलेली पूड आहे. पुसा. मग परत एक जाड हात द्या आणि रात्रभर तसंच ठेवा, धूळ बसणार नाही अशा जागी. सकाळी परत थोडं ताजं लावून चोळा म्हणजे वाळलेलं सुटेल, आणि पुसून काढा. रंग बघा किती गडद होतो ते. ही पण तेलाचीच करामत आहे हे मान्य, रॉकेलला नावं ठेवणारा मीच होतो. फरक इतकाच की इथे तेल हा शेवट नाही, तयारी आहे. कोरडा रंग थोडा मऊ, सांभाळून घेणारा होतो, आणि नंतर मऊ पॅडवर बारीक पॉलिशचे दोनच फेरे पुरतात, मग लगेच वर संरक्षण.

रस्ताभर

जुनाखिळा, तुम्ही मला रॉकेलवरून समजावलंत ते पटलं. काकांनी ज्या गाडीवर रॉकेल मारलं तिचा रंग खरंच शेवटी खडबडीत झाला होता, आम्ही म्हणायचो गाडी जुनी झाली.

उंबरठा

टपाच्या चट्ट्यांबद्दल माझं वेगळं मत आहे. पाण्याचा पॉलिश पेपर, २००० नंबर, घेऊन सुटलेली कड पूर्ण खाली न्यायची आणि वर स्प्रेचा क्लिअर मारायचा. मी मागच्या बंपरवर केलंय, दोन वर्षं टिकलंय.

जुनाखिळा

बंपरवर आणि टपावर फरक आहे. टपावर दिवसभर सरळ ऊन. साधा एका डब्याचा स्प्रे क्लिअर लॅकरसारखा नुसता वाळतो, आत जोडला जात नाही, तो टपावर लवकर सोडतो. हार्डनरवाला दोन घटकांचा क्लिअर टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. फुप्फुसाला फार वाईट, एकदा त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे थोडासा वास सुद्धा दम्यासारखा त्रास देतो. आमच्या बूथमधल्या एकाला त्याच्यामुळे काम सोडावं लागलं. कागदी मास्कने ते अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या अंगणात तो स्प्रे करू नका, हे मी हात जोडून सांगतोय.

उंबरठा

हे मला माहीत नव्हतं. मी साधा रुमाल बांधून मारला होता. पुढे नाही करणार. पण मग त्याने टपाचं करायचं काय, पाणी जाऊन चट्टा वाढत राहील ना?

जुनाखिळा

वाढेल हळूहळू, हे बरोबर. दोन मार्ग: टप तेवढा व्यावसायिक बूथमध्ये रंगवून घ्यायचा, किंवा उचललेली सैल टोकं काढून, कडेवर वॅक्सचा हात नियमित देत, गाडी सावलीत ठेवत जितकी वर्षं जातील तितकी जाऊ द्यायची. निर्णय धागाकर्त्याचा.

निळी_बादली

आणि सगळं झाल्यावर वर काय लावायचं यावर भांडणं सुरू व्हायच्या आधी माझं सांगते. वॅक्स काही आठवडे ते फार तर दोन-तीन महिने, लावायला सोपं, लालवर उबदार दिसतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. सिरॅमिक कोटिंग वर्षं टिकतं पण खालची चूकही वर्षं टिकवतं, आणि ते कडक झालं की काढायला परत पॉलिशच. जुन्या गाडीवर पहिल्यांदाच करत असाल तर सीलंट लावा, आणि बॉनेटवर वॅक्स कारण ते पुन्हा पुन्हा तेल मागणार. पक्ष्याची घाण पडली की त्याच दिवशी ओल्या फडक्याने मऊ करून उचला, उन्हात रंग फुगतो गार झाला की आकसतो आणि त्यात ते आम्ल कोरलं जातं. आणि धुळीच्या गाडीवर कव्हर नको, वाऱ्याने हलून तेच पॉलिश पेपरचं काम करतं.

तांबडा_पत्रा

पाच आठवड्यांनी परत येतोय. चार शनिवार रविवार गेले, खांदे भरून आलेत.

दारं, फेंडर, डिकी: मधला पॅड, बारीक पॉलिश, फक्त डिकीच्या डाव्या भागाला कंपाउंड लागलं. बंपरवर वेग कमी ठेवला कारण प्लास्टिकमध्ये उष्णता अडकते, हात लावून तपासत राहिलो. टपावर चट्ट्यांच्या चार बोटं अलीकडे टेप लावली आणि बाकीचा केला. चट्टे आहेत तसे आहेत, सैल टोकं तेवढी काढली. टप रंगवायचा की नाही ते पुढच्या वर्षी बघू.

बॉनेटला तीन रात्री ग्लेझ पाजलं. पहिल्या दिवशी टॉवेल इतका लाल झाला की मी घाबरून काम थांबवलं होतं. दुसऱ्या रात्रीनंतर गुलाबीपणा गेला. तिसऱ्या सकाळी पुसलं तेव्हा तो दारांच्या लालच्या अगदी जवळ आला होता, किंचित गडद, कोणी शेजारी ठेवून बघितलं तरच कळेल. मग मऊ पॅडने दोन फेरे आणि वॅक्स.

मागच्या दारावर हँडलच्या खाली एक आडवा ओरखडा होता, नख अडकत होतं, म्हणून निळी_बादली ताईंनी सांगितल्याप्रमाणे कडा मऊ करून सोडून दिला.

काल बाबांना खाली आणलं. त्यांना आता उजेड आणि मोठे आकार एवढंच नीट दिसतं, त्यामुळे ते काही बोलायच्या आधी त्यांनी तळहात बॉनेटवर ठेवला आणि काचेपासून नंबरप्लेटपर्यंत एका दमात फिरवला. म्हणाले, "हे बदललं होतं, माहितीय ना तुला? तू पोटात होतास, हॉस्पिटलला जाताना समोरच्या ट्रॉलीला टेकलो होतो." मला माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही.

मग गाडीला हात लावत लावत मागच्या दारापर्यंत गेले, हँडल शोधलं, त्याच्या खाली नख फिरवलं आणि तिथेच थांबले. आईच्या किल्ल्यांच्या जुडग्याचा ओरखडा आहे म्हणे तो, गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यातला. विचारलं, "हा का नाही काढलास?" मी सांगितलं खोल आहे, काढायला गेलो तर रंग जाईल.

"मग राहू दे," म्हणाले.

सावलीतली_गाडी

एक मिनिट, गाडी १६ वर्षांची आणि तुम्ही पोटात होतात?

तांबडा_पत्रा

हो, पुढच्या महिन्यात सोळा पूर्ण होतील मला. मशीन शेजारच्या काकांचं होतं, पहिले दोन दिवस ते बाजूला उभे राहिले. लायसन्स काढायला अजून वेळ आहे, तोवर वॅक्सची पाळी माझी.

जुनाखिळा

बाळा, मग मीटर मी पाठवतो, घरात पडूनच आहे. बॉनेटच्या नऊ जागा मोजून आकडे इथे टाक, पुढच्या वेळी पॉलिश परवडेल का नुसतं वॅक्स ते त्यावरून ठरवू.